तीस टक्के लोड

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. तसा घरात माझ्यावरही कुणाचा फारसा नव्हता, ते सोडा... पण हे एकदा लिहून टाकतो.

साल २००४. रत्नागिरीत, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, आमरस डबाबंद करणाऱ्या कंपनीत मी कॉम्प्युटर सांभाळायचो. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय होते — विटेएवढे, शेजारीशेजारी. लोड निम्मा-निम्मा वाटून घ्यायचे. एक गेला तर दुसरा अख्खा भार उचलणार. गेलेला चालू मशीनमधूनच खेचायचा आणि नवा सरकवायचा. काम थांबत नाही.

हे ज्ञान मी माईलाही पाजलं होतं. माई माझी मोठी बहीण, आमच्याकडेच राहायची. दर शनिवारी आम्ही दोघं बाजारात जायचो. येताना पिशवीचा एक बंद तिच्या हातात, एक माझ्या. बायको विचारायची, पिशवी आणताय की शिमग्याची पालखी.

माईने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "उरलेल्याला कळतं का रे, बाळ्या?"

"कळतं तर. लोड दुप्पट होतो त्याच्यावर."

फेब्रुवारीत माई गेली.

मे महिन्यात, ऐन सीझनमध्ये, डावा सप्लाय जळाला. मी तो काढून ठेवला. नवा मुंबईहून यायला चार दिवस लागणार होते. स्क्रीनवर उजव्याचा लोड पाहिला — तीस टक्के. रोजचाच! साठ हवा होता; मशीन आलं तेव्हाच्या चाचणीत मी स्वतः साठ पाहिला होता. चष्मा पुसला. तीसच. हात लावला, तर रोजच्याइतकाच कोमट. शेजारचा खण रिकामा.

चार दिवस मी सर्व्हर रूममध्येच डबा खाल्ला. एसी आहे म्हणून, असं लोकांना सांगितलं. खरं म्हणजे त्या रिकाम्या खणाशी गप्पा मारायचो... दारचा रायवळ आंबा यंदा लागला नाही, आमटी खारट झालीय, असलंच काहीतरी.

पाचव्या दिवशी दुपारी इंजिनिअर सावंत नवा सप्लाय घेऊन आला. त्यानेही तीसचा आकडा पाहिला. सेन्सर गेला असेल, म्हणाला.

"आजच्या दिवस राहू दे ना," मी म्हटलं. "उद्या बसव."

"काका, हा पण गेला तर सगळं बंद पडेल."

त्याचं बरोबर होतं. मी बाजूला झालो.

त्याने नवा सरकवला. तीस-तीस. मग चाचणी म्हणून नवा परत खेचला — आणि उजवा एका क्षणात साठवर. पंखा घोंगावायला लागला.

"बघा, सेन्सर ठीक आहे," सावंत म्हणाला. आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन नवा सप्लाय घाईघाईने परत आत सरकवला.

ते चार दिवस निम्मा भार कोण उचलत होतं, ते मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. मीही विचारणं सोडलंय.

अजूनही शनिवारी बाजारात जातो. पिशवी एकाच बंदाने धरतो, मग दुसरी बाजू उघडी पडून नारळ रस्त्यावर घरंगळतात, लोक हसतात. बायको म्हणते, अहो, दोन्ही बंद धरा की.

धरवत नाहीत.