वहिनींचं बिनव्याजी खातं

वहिनी व्याजाला हसायच्या. वर्षातून दोनदा त्यांची जपानी बँक खात्यात एखाद-दुसरा येन व्याज म्हणून टाकायची आणि वहिनी ती बातमी घरी आलेल्या प्रत्येकाला द्यायच्या. “आलं हो माझं व्याज! आणि कर शून्य. एवढ्याशातून काय कापणार ते? तुम्ही सगळे करमुक्त, करमुक्त म्हणून जप करता ना, खरं करमुक्त माझंच!”

दोन हजार सालानंतर पुण्या-मुंबईचे आम्ही आयटीवाले टोकियोतल्या हिगाशी-कसाईत भराभर येऊन पडलो, त्या दिवसांतली ही गोष्ट. चार मराठी माणसं जमली की विषय एकच, पैसे ठेवायचे कुठे? पगार जमा होतो त्या इथल्या खात्यात व्याज नावालाच. उलट भारतात अनिवासी म्हणून एनआरई खातं काढलं की व्याजही बरं आणि त्यावर कर नाही. दोन्हींची तुलना करणारा एक तक्ता मी एक्सेलमध्ये केला होता. नवीन कोणी आलं की अविनाशदादा माझ्याकडे बोट दाखवायचे, “याला विचारा, हा आपला अर्थमंत्री.” मला ते फार आवडायचं. अविनाशदादा म्हणजे वहिनींचे यजमान आणि माझे प्रोजेक्ट मॅनेजर. मी एकटा होतो. रविवारी त्यांच्याकडेच जेवायचो.

वहिनी रसायनशास्त्रात एम.एस्सी. होत्या आणि बेंतोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या, कारखान्यात बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, करायच्या. पट्ट्यावरून डबे सरकत यायचे, त्यात वहिनींनी लोणच्याची फोड ठेवायची. “प्रयोगशाळेत चिमटा धरायची सवय होती, ती कामाला आली,” म्हणायच्या. त्या पगारासाठी त्यांनी खातं उघडलं, तेव्हा इथे बँकेत सहीऐवजी लागतो तो शिक्का करून घेतला. दुकानदाराने आडनाव विचारलं, तर यांनी स्वतःचं नाव कोरायला लावलं. दादांनी चेष्टा केली, तशा म्हणाल्या, “तुमचं आडनाव दारावर आहे, रेशनकार्डावर आहे, माझ्या व्हिसावर आहे. इथे नको.” दादा हसले. त्या खात्यात भाजीपाल्यापुरते पैसे असतील, अशी त्यांची समजूत होती.

खरं काय ते वहिनींनी एकट्या मला सांगितलं. एका संध्याकाळी स्टेशनबाहेर भेटल्या, हातात कारखान्याचा एप्रन. लांब उत्तरेकडच्या सेंदाईच्या विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी त्यांना संशोधनासाठी घ्यायची तयारी दाखवली होती. पहिल्या वर्षाची फी आणि खोलीचं भाडं त्यांनी डब्याडब्यातून साठवलं होतं. “पुरतील ना हो एवढे, भाऊजी?” त्यांनी आकडा सांगितला. मी म्हटलं, पुरतील. “ह्यांना आत्ता सांगू नका. प्रवेश पक्का होऊ दे, मग मीच सांगते. आधी सांगितलं, तर त्यावर घरात चर्चा होईल.” मी शब्द दिला.

तो शब्द मी का मोडला, हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. ते वाढवायचं की मला पुण्याला परत पाठवायचं, हे दादा ठरवणार होते. एकदा सकाळी गाडीत ते इथल्या खात्यांत पैसे कुजवणाऱ्यांना नावं ठेवत होते. त्यांच्या मर्जीतला माणूस होण्याची मला घाई झाली. मी म्हटलं, “दादा, लांब कशाला, वहिनींचंच बघा की.” आणि आकडा सांगितला. सेंदाईचं सांगितलं नाही. तेवढं इमान राखलं, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला समजावत आलो.

त्या रविवारी जेवताना दादांनी माझा तक्ता ताटाशेजारी ठेवला. “हे पैसे एनआरईत टाकू. आपलं जॉइंट आहेच, तिकडचे व्यवहार भाऊ बघतो.” वहिनी म्हणाल्या, “राहू द्या इथेच.” “अगं पण का? कारण सांग. हसायला येण्याइतकं तर व्याज!” आणि माझ्याकडे वळून, “तू सांग रे हिला.”

वहिनींच्या हातात आमटीचा डाव होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “भाऊजी, तुम्ही सांगता?”

मी सांगितलं. रकान्यावर बोट ठेवून, व्याज किती, कर किती, पाच वर्षांनी काय होईल, सगळं. “आकडे अगदी स्पष्ट आहेत, वहिनी.” त्यांनी मला आमटी वाढली आणि आत गेल्या.

पैसे पुण्याला गेले. दादांच्या भावाला त्या खात्यावर सहीचा अधिकार होता. त्याने फ्लॅट बुक केला होता, हप्ता अडला, त्याने काढले. सेंदाईचा प्रवेश पक्का झाला, तेव्हा खात्यात फीएवढं काही उरलं नव्हतं. वहिनींनी त्या दिवशी दादांना सगळं सांगितलं. दादा म्हणाले, आधी बोलली असतीस तर! हे मला दादांनीच ऑफिसात सांगितलं, बायकांच्या विसराळूपणाचा किस्सा सांगावा तसं. माझं कॉन्ट्रॅक्ट तोवर वाढलं होतं.

आम्ही एकाच इमारतीत राहायचो. पुढे एकदा कचरा टाकायला खाली गेलो, तर वहिनी कावळ्यांसाठी कचऱ्यावर पसरलेली जाळी उचलून पिशवी ठेवत होत्या. मी काहीतरी बोलायला लागलो. मला थांबवून त्या इतकंच म्हणाल्या, “मी तुम्हाला व्याज विचारलं होतं का हो?”

रविवारचं जेवण बंद झालं. ते कोणी बंद केलं नाही, मीच कामं काढत गेलो. वहिनी कारखान्यात जात राहिल्या. त्यांनी पुन्हा साठवायला सुरुवात केली असेल, पण दोनेक वर्षांत दादांची बदली पुण्याला झाली आणि तेही राहिलं.

ते निघाले त्या दिवशी विमानतळाच्या बसपर्यंत सामान न्यायला मी गेलो. दादा तिकिटं काढत होते. मी कसंबसं म्हटलं, “वहिनी, माझी चूक झाली.”

त्या रागावल्या नाहीत. अगदी शांतपणे म्हणाल्या, “चूक नव्हती ती, भाऊजी. चूक असती, तर तुम्ही त्याच दिवशी मला येऊन सांगितलं असतं.”

कॉन्ट्रॅक्टबद्दल बोलायला तेव्हाही वेळ होता. दादा अजून रांगेत होते. मी वाकून वहिनींची बॅग बसच्या पोटात ढकलली, ती नीट बसली की नाही ते दोनदा पाहिलं, आणि सरळ उभा राहिलो तेव्हा त्या बसमध्ये चढल्या होत्या.