"बिघडलेलाच आहे की!"

आमच्या शाळेतला संगणक दोन वर्षं बंद होता. त्याच्यावर भरतकाम केलेलं कापड असायचं आणि ते रोज झटकायचं काम सातवीच्या मुलींकडे होतं. एका दुपारी त्यांच्यातली सारिका माझ्याकडे आली. "बाई, हा खोलून बघू?"

"नको गं, बिघडेल," मी सवयीने म्हणाले.

"बाई, तो बिघडलेलाच आहे की!"

मला हसू आलं आणि पाठोपाठ लाजही वाटली. मुलींना आपण वस्तू पुसायला देतो, उघडायला देत नाही. माझ्या हातांनाही लहानपणापासून तेच वळण लागलेलं. मी कपाटातून स्क्रू ड्रायव्हर काढून तिला दिला.

बाकीच्या मुली भोवती जमल्या. वायर काढून, संगणक जमिनीवर ठेवून सारिकाने पत्रा उघडला. आत धुळीचा थर होता. माझ्या मोबाइलवर आम्ही एक व्हिडिओ पाहिला. त्यात दाखवल्याप्रमाणे तिने मेमरीची पट्टी अलगद उपसली, तिची सोनेरी कड खोडरबराने घासली आणि ती पुन्हा खाचेत बसवली. मग वायर जोडून तिनेच बटण दाबलं. आतला पंखा घरघरला आणि पडदा उजळला! मुली अशा ओरडल्या, की मुख्याध्यापक धावत आले.

"कोणी केलं हे?"

सारिकाने काळी झालेली बोटं लपवली नाहीत. "मी, सर. परत खोलून दाखवू?"

सरांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि तिच्याशेजारी जमिनीवर मांडी घातली.

"दाखव," ते म्हणाले. "पण जरा सावकाश."