तोंडाचं सोवळं

'पटकीला जात नसते,' आमचे मोठे डॉक्टर म्हणाले. कॉलऱ्याच्या साथीचा पहिला दिवस होता. कोल्हापूरबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी आम्हा नोकरांना गोळा केलं होतं. वाक्य मला आवडलं. भाषण संपलं तशी मी रोग्यांसाठी माठ भरायला घेतला. डॉक्टरांनी माझ्या हातातला तांब्या काढून घेतला आणि दत्तोबा पाणक्याला दिला.

'आधी हा घासून घे,' ते त्याला म्हणाले. मग माझ्याकडं वळून, 'तू माठाला हात लावायचा नाही. पाणी दत्तोबा पाजेल.'

पटकीला जात नव्हती. माठाला होती.

मी कागलच्या महारवाड्यातली. नर्सिंग शिकून, पांढरी साडी नेसून नोकरीला लागले होते. अस्पृश्यता कायद्यानं गेली होती. वाचनालयातल्या वर्तमानपत्रात मी ते दोनदा वाचलं होतं, छपाईची चूक नसावी म्हणून.

रोग्यांच्या उलट्या पुसणं, खाटेखालची भांडी उचलणं, लुगडी बदलणं, हे सगळं माझ्याकडं. त्याला कुणाची हरकत नव्हती. मीठ घालून उकळलेलं पाणी गाळून बाटल्यांत भरायचं कामही माझंच. ते डॉक्टर सुईनं रोग्याच्या शिरेत सोडायचे. मंगळवार पेठेतली चांगली चांगली घराणी माझ्या हातचं पाणी शिरेतून पीत होती. सोवळं फक्त तोंडाला होतं.

साथ पेठेत आणखी पसरली आणि एका सकाळी दत्तोबा आलाच नाही. कागलला मेव्हण्याकडं पळाला होता. 'दुपारपर्यंत दुसरा माणूस येतोय,' डॉक्टर म्हणाले.

त्याच सकाळी राधानगरीकडची एक शेतकरीण आली. भावानं बैलगाडीतून आणली होती. साथीचा नियम म्हणून त्याला बाहेरच बसवलं. बाईच्या शिरा आटल्या होत्या. डॉक्टरांनी हात पाहिले, पाय पाहिले, सुई कुठं बसेना. तोंडावाटे जाईल तेवढंच पाणी आता तिचं होतं. आणि ते माठात होतं. माठ माझ्या शेजारी.

'अक्का, पाणी द्या की.'

'माणूस येतोय, मावशी.'

'माणूस कशाला? तुम्ही हाय की.'

मी उठले. डॉक्टर दारातच होते. आवाज न चढवता म्हणाले, 'आज तू माठ बाटवलास, तर उद्या पेठेतला एक माणूस इथं येणार नाही. घरी मरतील. ते तुझ्या डोक्यावर.'

त्यांचं म्हणणं पुरतं खोटं नव्हतं. तेच वाईट. धडधडीत खोटं असतं तर मी ऐकलं नसतं. मी बसले. तिनं पुन्हा मागितलं. मग नुसती जिभेनं ओठ चाटत राहिली. मग तेही थांबलं.

दुसरा माणूस आला नाही. डॉक्टरांनीही तांब्या उचलला नाही, ते पाणक्याचं काम होतं.

ती गेल्यावर तिच्या भावाला आत बोलावलं. रीतीप्रमाणं तिच्या तोंडात पाणी घालायला. त्यानं ते माठातूनच घेतलं. मेलेल्या तोंडात पाणी गेलं, ओठांच्या कडेनं बाहेर आलं, उशीवर सांडलं. डॉक्टर मान खाली घालून उभे होते. ती उशी मी बदलली.

उशी बदलली आणि तांब्या उचलला. माठात बुडवला. शेडच्या मधोमध उभी राहिले.

'मी महारवाड्यातली हाय. पाणी माझ्या हातचं हाय. पाहिजे त्यानं हात वर करायचा.'

कोपऱ्यातला एक हमाल कण्हला, 'भाषण कसलं करताय बाई. द्या की हिकडं.'

त्याच्यामागून हात वर झाले. एक म्हातारी तर माझं मनगटच धरून प्यायली. शेवटी मंगळवार पेठेतले एक निवृत्त हेडमास्तर उरले. ते पत्र्याकडं तोंड करून पडले होते. बऱ्याच वेळानं, तोंड न वळवता, त्यांनी शाळेतली पोरं करतात तसं एक बोट वर केलं. मी त्यांनाही पाजलं. डोळे मिटून प्यायले.

डॉक्टर जवळ आले. 'कुणाच्या हुकमानं?'

'माझ्या.'

'हा माठ आता फोडावा लागेल.'

'फोडा. मग त्या बाटल्याही फोडा. त्याही मीच भरल्यात.'

त्यांनी फळीकडं पाहिलं. बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. त्यांनी काहीच फोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी, बातमी पोचूनही, पेठेतले लोक आले. गाडीतून आले, पाठीवरून आले. माठ कोण भरतं, हे कुणी विचारलं नाही. म्हणजे डॉक्टरांचं ते म्हणणं खोटंच होतं. हे मला एक दिवस उशिरा कळलं, आणि तो दिवस त्या बाईचा होता.

अजून भरलेला माठ दिसला की मला बसवत नाही. उगाच उठते, झाकण काढून बघते. जेवताना, वाचताना मधेच ऐकू येतं, 'तुम्ही हाय की.' त्यावर औषध नाही, आणि मला ते नकोही आहे. तहानलेल्याला पाणी द्यायला मी त्यानंतर कुणाला विचारलेलं नाही. विचारणार नाही. ज्याला ते बाटलेलं वाटतं त्यानं आपलं तोंड मिटावं. माझा हात थांबणार नाही.

साथ ओसरल्यावर समारंभ झाला. 'पटकीला जात नसते,' डॉक्टर पुन्हा म्हणाले. टाळ्या झाल्या. रुग्णांना पाणी पाजल्याबद्दल शाल आणि नारळ दत्तोबाला मिळाला. तो आदल्याच दिवशी कागलहून परत आला होता.