झांबेता रुसली आहे, असं मी म्हणाले

माझा स्वभाव कडक आहे, हे आधीच सांगते. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या कपड्यांना इस्त्री केली, वाफेत उभं राहून. डोकं तापणार नाही तर काय होणार? पण झांबेताबद्दल बोलताना त्या स्वभावाच्या आड लपायचं नाही, असं मी ठरवलंय.

झांबेता माझी समुद्रातली मैत्रीण. अथेन्समध्ये समुद्रातली मैत्री वेगळी आणि जमिनीवरची वेगळी. सकाळी साडेसातला ट्रामने फालिरोच्या किनाऱ्यावर उतरायचं, डोक्यावरची टोपी तशीच ठेवून पाण्यात शिरायचं, गळ्याइतक्या पाण्यात गोल करून उभं राहायचं आणि दोन तास बोलायचं. पोहतंय कोण! पोहतात ती तरुण मुलं. आम्ही बोलतो. उरानियाच्या पित्ताशयाचं ऑपरेशन मला टाक्याटाक्यानिशी पाठ आहे, पण तिचं आडनाव विचाराल तर ठाऊक नाही. एकदा बाजारात एक बाई माझ्याकडे बघून हसली. केस फुगवलेले, अंगात फुलाफुलांचा झगा. मी मनात म्हटलं, काय आगाऊ बाई आहे! दुसऱ्या दिवशी पाण्यात उरानियाने माझी अशी काही खरडपट्टी काढली की बस. टोपी आणि आवाज, एवढीच आमची ओळख.

झांबेताची टोपी हिरवी. जुना पडदा कापून तिने स्वतःच शिवलेली, कडा चांगली वीतभर रुंद. आंद्रोस बेटावरची बाई, तेराव्या वर्षी अथेन्सला एका वकिलाच्या घरी कामाला आली. मग एकतीस वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात खोकी भरली. गोड वास आला की तिला मळमळायचं. बेटावरची असून ती कधी पाण्यात उतरली नव्हती. म्हणायची, "आमच्याकडे बायका समुद्राकडे बघायच्या ते कुणाची होडी परत येतेय का, एवढ्यासाठीच." अठ्ठावन्नाव्या वर्षी नवरा गेला, गुडघे धरले, डॉक्टरने समुद्र सांगितला. पहिल्या दिवशी आमच्या सरांडिसचा दंड धरून ती अशी किंचाळली, की जीवरक्षक धावत आला. आणि एकदा शिरली ती सोळा वर्षं बाहेर निघाली नाही, असंच म्हणा ना. पाण्यात उलटी शिरायची, पाठमोरी, छातीवर तीनदा क्रूसाची खूण करत. आणि दर दिवशी सगळ्यांसाठी डबाभर चिरलेलं फळ आणायची. जूनमध्ये जर्दाळू, जुलैत कलिंगड, ऑगस्ट संपत आला की अंजीर.

तर गेल्या ऑगस्टचा शेवटचा रविवार. पंधरा दिवस सुटलेला वारा पडला होता, समुद्र तेलासारखा सपाट. शहर अजून अर्धं रिकामं. दुकानांच्या शटरवर 'सुट्टीवर आहोत'चे कागद तसेच चिकटलेले. आम्ही चौघंच होतो: मी, झांबेता, उरानिया आणि अठ्ठ्याहत्तरीचा सरांडिस, जुना टॅक्सीवाला, जो आम्हा म्हाताऱ्यांना अजून 'पोरींनो' म्हणतो.

"अरेती, मुलगा आला होता म्हणे?" झांबेताने मला विचारलं.

"आला होता. दोन दिवस."

"आणि दोन दिवसांसाठी तू टोमॅटो किती भरलेस? चाळीस? अगं, तो येतो जेवायला आणि मग पंधरा दिवस जाऊन राहतो सासुरवाडीला. आणि तू इथे आम्हाला ऐकवतेस, त्याला कामं फार!"

सगळे हसले. मीही हसून सोडून द्यायला हवं होतं. पण ते खरं होतं ना, म्हणून झोंबलं.

"माझा येतो तरी," मी म्हणाले. "तुझी क्लिओ मेलबर्नला जाऊन बसली आहे. उद्या तू घरात मरून पडलीस तर तिला कळायला नाताळ उजाडेल."

झांबेता माझ्याकडे बघत राहिली.

"खरं आहे, अरेती," ती म्हणाली, आणि पाण्याबाहेर निघून गेली. त्या दिवशी अंजिराचा डबा तिने उघडला नाही. तसाच पिशवीत टाकून नेला.

सोमवारी मी आले तेव्हा हिरवी टोपी आधीच पाण्यात होती. पण गोलात नाही. तिकडे लांब, पिवळ्या तरंगत्या गोळ्यांच्या दोरीपाशी, जिथे आमच्यापैकी कुणाचे पाय टेकत नाहीत. तोंड आमच्याकडे. ऊन समोरून येत होतं, त्यामुळे टोपीखाली नुसता अंधार दिसत होता.

अच्छा, मी म्हटलं, बाईसाहेब रुसल्या आहेत.

"झांबेता नाही आज?" उरानिया म्हणाली.

"रुसली आहे. राहू दे तिला," मी म्हणाले. "तिची तीच येईल." आणि मुद्दाम जागा बदलून मी त्या टोपीकडे पाठ करून उभी राहिले. आता वाटतं, तेव्हाच मानेवर काहीतरी जाणवलं होतं. कोमट पाण्यात गार पाण्याची एक धार यावी तसं, फक्त मानेवर. ऑगस्ट संपताना येतात अशा धारा, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

मंगळवारी ती दोरीच्या अलीकडे होती. हलत नव्हती. गळ्याइतक्या पाण्यात माणूस उभं असलं तरी हात हलतात, पाणी थोडं तरी डुचमळतं. तिच्याभोवतीचं पाणी काचेसारखं होतं. एक पोरगं तिच्या अगदी जवळून पोहत गेलं आणि त्याने वळून पाहिलंसुद्धा नाही.

"कुणीतरी तिची चौकशी करायला हवी, पोरींनो," सरांडिस म्हणाला. "एकटी राहते बाई."

"काही गरज नाही," मी ताडकन म्हणाले. "माझ्यावर रागावली आहे ती. तुम्ही गेलात तर अजून चढून बसेल."

"बरं बाई, तू म्हणशील तसं," सरांडिस म्हणाला. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तो तिकडे बघत होता की नुसताच ऊन चुकवत होता, कोण जाणे.

बुधवारी मला थोडी भीती वाटली, हे कबूल करते. किनाऱ्यावरच्या झाऊच्या झाडाखाली झांबेताच्या निळ्या चपला नेहमी असायच्या, नवऱ्याच्या होत्या म्हणून दोन नंबर मोठ्या. मी मुद्दाम शोधल्या. नव्हत्या. आणि टोपी मात्र पाण्यात होती, आता जेमतेम दहा हातांवर. मी म्हटलं, बघा, खुन्नस म्हणून चपलासुद्धा दुसरीकडे काढायला लागली! माणसाला स्वतःची समजूत घालायची असली की कारणं काय हवी तेवढी सापडतात. मी परत पाठ केली आणि उरानियाशी वांग्यांवर बोलायला लागले, तळताना आधी मीठ लावायचं की नाही यावर. मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही. मानेवर ती गार धार होती, आणि अगदी कानाशी, ओठ लागतील इतक्या जवळून कुणीतरी म्हणालं, "अरेती."

कोरडा आवाज. बिस्कीट मोडल्यासारखा.

मी ऐकलं. उरानियाने ऐकलं नाही, कारण ती बोलतच राहिली. आणि मी काय केलं? मान ताठ केली. मनात म्हटलं, हाक मारायची तर मोठ्याने मार, सगळ्यांसमोर मार, म्हणजे मग वळते मी. तेवढा माझा मान राखलाच पाहिजे, नाही का! मी वळले नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. गुरुवारी मी पहिल्या ट्रामने आले आणि थेट तिच्याकडेच निघाले. "पुरे झालं आता," मी पाण्यात शिरतानाच ओरडले. "चुकले मी. मोठं तोंड आहे माझं. चल गोलात." टोपी जागची हलली नाही. मी पुढे गेले. पाणी हनुवटीला लागलं, मग पाय सुटले. मला धड पोहता येत नाही. कुत्र्यासारखे हात मारत मी तिच्यासमोर पोहोचले आणि टोपीच्या कडेखाली पाहिलं.

झांबेताच होती. गळ्याइतक्या पाण्यात होती आणि तिचे ओठ उन्हात पडलेल्या चामड्यासारखे फुटले होते. एका गालावर चौकोन उठले होते, छोटे छोटे, ओळीने. उशीची वळी उठते ना गालावर, तसे, पण फरशीचे. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत राग अजिबात नव्हता. तेच मला सहन झालं नाही. मी तिचा खांदा धरायला हात पुढे केला आणि माझ्या हातात पाणी आलं. नुसतं पाणी, बर्फासारखं.

मागच्या ट्रामने सरांडिस आणि उरानिया आले होते; सरांडिसने मला ओढून उथळ पाण्यात आणलं. नाकातोंडात पाणी गेलं होतं.

"झांबेता!" मी ओरडत होते. "तिथे होती! चार दिवस तिथे होती!"

"कुठे?" उरानिया पांढरी पडली होती. "अरेती, झांबेता रविवारनंतर आलीच नाहीये. तूच म्हणालीस ना, रुसली आहे, राहू दे म्हणून?"

मग आमच्या लक्षात आलं की तिचा पत्ता कुणालाच माहीत नाही. सोळा वर्षं! फोन नंबर नाही, आडनाव नाही. तिच्या मुलीच्या घटस्फोटाची तारीख माहीत, नवऱ्याने मरताना काय मागितलं ते माहीत, आणि बाई राहते कुठे ते माहीत नाही. आम्ही तिघं ओल्या अंगावर कपडे चढवून किनाऱ्यावर उभे होतो आणि आठवत होतो.

"आंफिथेआच्या थांब्यावर चढते ती," उरानिया म्हणाली.

"समोर शाळा आहे. घंटेवरून शिव्या द्यायची," मी म्हणाले.

"बाल्कनीत लिंबाचं झाड, पिंपात लावलेलं," सरांडिस म्हणाला. "आणि लिफ्ट ईस्टरपासून बंद. तिसरा मजला. चला पोरींनो, शाळा दोनच आहेत तिथे."

जुना टॅक्सीवाला तो, गल्ल्या पाठ; त्याने आम्हाला पळवलं. दुसऱ्या शाळेसमोर लिंबाचं झाड दिसलं, पानं मलूल झालेली, चार दिवस पाणी न मिळालेली. खालच्या सगळ्या घंटा दाबल्या. एकही दार उघडलं नाही. सगळी इमारत सुट्टीवर. कितीही ओरडलं तरी ऐकायला कोण होतं तिथे? शेवटी फोन करून बोलावलेले अग्निशामकवाले आले, तेव्हा साडेअकरा वाजले होते. दार फोडलं तर दाराच्या आतल्या खुंटीला हिरवी टोपी लटकलेली. मी हात लावला. खडखडीत कोरडी.

ती स्वयंपाकघरात पडली होती. रविवारी दुपारी घसरली, मांडीचं हाड मोडलं. गाल फरशीवर. जिवंत. खुर्चीवरची पिशवी तिने कशीबशी ओढून खाली पाडली होती आणि त्या अंजिरांवर चार दिवस काढले होते. आम्हाला द्यायचे राहिले म्हणून उरलेले अंजीर. मी तिच्या तोंडाशी ओलं फडकं धरलं तर तिने ते शोषून घेतलं, तान्ह्या मुलासारखं. माझ्याकडे पाहिलं.

शनिवारी दुपारी क्लिओ मेलबर्नहून पोहोचली. मी हॉस्पिटलमध्येच होते, दोन दिवस तिथून हलले नव्हते. पन्नाशीची थकलेली बाई, चाकांची बॅग ओढत आली, आणि कुणीतरी तिला सांगितलं असणार, कारण ती आईकडे जायच्या आधी माझ्याकडे आली आणि माझे दोन्ही हात धरून त्यांना ओठ लावले.

"तुम्ही नसता तर," ती म्हणाली. "तुम्ही शोधून काढलंत तिला. नुसत्या एका लिंबाच्या झाडावरून! मी तिकडे, इतक्या लांब, आणि तुम्ही..."

डॉक्टर तिला आधीच भेटले होते. मूत्रपिंडं गेली होती. दोन दिवस आधी आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती, असं ते म्हणाले होते. मला दाराबाहेर ऐकू आलं होतं. आता रात्र निघाली तर निघाली.

आम्ही पलंगाशी गेलो. क्लिओने माझा हात सोडलाच नव्हता. एका हाताने आईचा आणि एका हाताने माझा धरून ती उभी होती.

"आई, मी आले. आणि बघ, अरेतीकाकूपण आहेत. यांनीच तुला वाचवलं."

झांबेताने डोळे उघडले. गालावरचे चौकोन अजून गेले नव्हते.

"हिनं मला सोमवारीच पाहिलं," ती म्हणाली. आवाज तोच, मोडणारा, कोरडा. "रोज जात होते मी. हिला हाकसुद्धा मारली. हिनं पाठ फिरवली."

क्लिओ रडता रडता हसली. "आई, भ्रम होतोय तुला. सोमवारी तू घरात पडली होतीस, खाली, फरशीवर. कुठे जाणार होतीस?" आणि माझ्याकडे वळून, आईच्या वतीने माफी मागावी तसं म्हणाली, "औषधांमुळे होतं हो. मनावर घेऊ नका, काकू."

मला नुसती मान हलवायची होती. एवढंच. जगात कुणालाही कधी कळलं नसतं. झांबेता माझ्याकडे बघत होती, पाण्यात बघत होती तशीच, न रागावता.

"सोमवारी पाहिलं होतं," मी म्हणाले. "मंगळवारी पाहिलं, बुधवारी पाहिलं. हाक ऐकली होती. आणि सरांडिस चौकशी करायला हवी म्हणत होता, त्याला मीच थांबवलं."

क्लिओने माझा हात सोडला.