झाडाच्या गळ्यातला मफलर

पन्हाळ्यावर घर बांधलं तेव्हा आमच्या ह्यांनी पहिलं काय आणलं, तर कर्ण्याचं झाड. धोत्र्याच्या गोतातलं, पण फुलं वीतभर लांब, केशरी, खाली तोंड करून लोंबणारी. गार हवा त्याला मानवते, पण कडाक्याची थंडी एका रात्रीत पानं जाळते. म्हणून हिवाळाभर रोज संध्याकाळी त्याला पोतं गुंडाळायचं, आणि शेंड्याला स्वतःचा मफलर!

"मला ताप आलता तवा साधी चादर तरी घातलीसा का?" मी म्हणायची.

"तू कुठं मरतीस!"

गेल्या जानेवारीत एका सकाळी पोतं सरकलेलं दिसलं. करपलेली पानं, मोडके देठ ह्यांनी हातानंच तोडले, मफलरला हात पुसले, त्यानंच तोंड पुसलं आणि तो गळ्यात टाकून आत आले. तासाभरानं चहा देताना मी वर बघितलं, तर डाव्या डोळ्यातली बाहुली एवढीशी, आणि उजव्यातली डोळा भरून काळी.

माझ्या थोरल्या दिरांचं असंच झालं होतं. एक बाहुली पसरली, डॉक्टर म्हणाले मेंदूत रक्तस्राव, आणि दिवस मावळायच्या आत माणूस संपलं.

"मला काय बी झालं न्हाई की!" हे ओरडत होते. ऐकते कोण! शेजाऱ्यांनी गाडी काढली. घाट उतरताना ह्यांना झोप लागू द्यायची नाही म्हणून मी बडबडत राहिले. पोरीच्या लग्नात पंगतीला काय काय होतं सांगा. वाघबीळ फाटा आला, बघा. ते जरा अडखळले की माझा जीव खालीवर व्हायचा. देवा, ह्यांच्याआधी मला ने, म्हटलं. रडायचं नव्हतं, पण डोळे ऐकेनात. स्वेटरात अडकलेला पदर निघेना, मग ह्यांच्या गळ्यातला मफलर ओढला आणि त्यानंच पुसत राहिले.

कोल्हापुरात दवाखान्यात ह्यांना स्कॅनला नेलं. मी बाहेर बाकावर. भिंतीवरची अक्षरं धूसर दिसायला लागली, वाटलं रडून असेल. हे हसतच बाहेर आले.

"स्कॅन साफ हाय. म्हणलं नव्हतं?" एवढं बोलून माझ्याकडं बघितलं आणि चेहरा पांढराफटक पडला.

"ओ डॉक्टर! हिला बघा की आधी! हिचा डोळा बघा!" अख्खा दवाखाना गोळा झाला. माझं मनगट असं धरलं होतं की बांगडी पिचली.

डॉक्टरांनी आधी माझा डोळा बघितला, मग ह्यांचा. म्हणाले, मेंदूचं दुखणं नवऱ्याचं बायकोला लागत नसतं. सकाळपासून दोघांनी कशाला हात लावलाय? आमची दोघांची नजर मफलरवर गेली. झाडाचा चीक! तो डोळ्यात गेला की बाहुली अशीच पसरते, एकदोन दिवसांत उतरेल, घाबरू नका, ते म्हणाले.

घाबरू नका म्हणायला डॉक्टरांचं काय जातंय! घरी आलो. चहा ठेवतेय तोवर परसातनं कोयत्याचा आवाज आला. धावत गेले. स्वतःचा डोळा गेला असता तरी ज्याला कुणाला बोट लावू दिलं नसतं, ते झाड कळ्यांसकट आडवं पडलं होतं.

"अहो, काय केलंसा हे!"

ते वळले. डोळे डबडबलेले, आणि चिकानं माखलेला हात तोंडाकडं निघालेला.

"डोळं पुसू नका!" मी बोंबलले आणि पळत जाऊन हात धरला. मग पदरानं मीच पुसले.