मांडीवरचे मूल मोजत नाहीत

प्रथम क्षमा मागते. लिहिणे हे माझे काम नव्हे. बारामतीच्या महाविद्यालयातून मराठी विषय घेऊन पदवीधर झाले खरी, परंतु त्यानंतर घरी पाठवलेली पत्रे सोडली तर मी काही लिहिले नाही; आणि त्या पत्रांतही एक गोष्ट सातत्याने खोटी लिहिली. अशा बाईने वयाच्या या टप्प्यावर लेखणी उचलणे हे धारिष्ट्यच आहे. तरीही लोणी भापकरला मागे राहिलेल्या माझ्या माणसांनी, आणि माझ्यासारख्याच निघून गेलेल्यांनी, हे एकदा वाचावे असे वाटते.

निमित्त अगदी क्षुल्लक आहे. गेल्या आठवड्यात माझ्या मुलीचा, अश्विनीचा, फोन आला. आम्ही दोघी आता जर्मनीतच, पण वेगवेगळ्या गावांत राहतो. आठ महिन्यांच्या मुलाला घेऊन ती पुढल्या महिन्यात लोणीला माझ्या वडिलांना, आबांना, भेटायला निघाली आहे. तिने विचारले, "आई, मुंबईहून भाड्याची गाडी ठरवलीय. बाळाची सीट इथून नेऊ, की तिथे मिळेल?" उद्या सांगते, असे म्हणून मी फोन ठेवला, आणि तो उद्या अजून उजाडलेला नाही.

अश्विनीच्या डाव्या भुवईतून एक पांढरी रेघ गेलेली आहे. लहानपणी जर्मनीतल्या पहिल्या घराच्या पायरीवर पडल्याची ती खूण, असे तिला वाटते. आबांनाही तसेच वाटते. त्या घराला पायरी नव्हती.

चौऱ्याण्णव सालचा सप्टेंबर होता. माझे यजमान साखर कारखान्यातील नोकरी सोडून दोन महिन्यांपूर्वी उत्तर जर्मनीत गेले होते. साखरेची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत त्यांना काम मिळाले होते. तिकडे साखर बिटापासून करतात हे ऐकून आबांना फार नवल वाटले होते. "ऊस न्हाय आन् साखर हाय? मग आसंल कसली ग्वाड!" एवढाच त्यांचा अभिप्राय. मी चौदा महिन्यांच्या अश्विनीला घेऊन माहेरी लोणीला थांबले होते, आणि आता आमची तिकिटे आली होती.

मुंबईपर्यंत जीप ठरवली. निरोप द्यायला येणारे इतके निघाले की दादा, म्हणजे माझे थोरले भाऊ, डोकी मोजून थकले. अकरा झाली. आबा स्वतःहून मागे सरले. जनावरांपाशी कुणीतरी हवे, म्हणाले. दादांनी अश्विनीकडे बोट करून "बारा" म्हटले तेव्हा जीपवाला हसला. "दादा, मांडीवरचं लेकरू मोजत्यात व्हय? ते काय शीट आडवतंय का!" सगळे हसले. मीही हसले. एसटीचा कंडक्टर मोजत नाही, लग्नाच्या वऱ्हाडाचा टेम्पो मोजत नाही. मांडीवरचे मूल हे आईच्याच हिशेबात धरायचे, ही आमच्याकडची रीत.

आमचे घर मूळचे मेंढरांमागे हिंडणारे. आबांच्या लहानपणीच मेंढरे विकून शेती धरली, त्यामुळे मागल्या आयुष्याची खूण म्हणून घरात एक काळी घोंगडी तेवढी उरली होती. ती आबांनी जीपच्या खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली. हात मागे घेताना त्यांचे बोट अश्विनीच्या मुठीत अडकले. ते सोडवीत, माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "बायडे, परमुलुख हाय. लेकरू मांडीवरनं खाली ठिवू नगंस."

मी मान हलवली. मुंबईपर्यंत अश्विनी सात मांड्यांवरून फिरली, आणि विमानात माझ्या मांडीवरच झोपली. आबांचे वाक्य मी शपथेसारखे बरोबर नेले.

फ्रँकफुर्टच्या विमानतळावर हे आम्हाला घ्यायला आले होते. आमचे गाव तिथून साडेतीन तासांवर. बोजा पुष्कळ, म्हणून यांनी भाड्याची मोटार ठरवली होती. शुक्रवार होता. कंपनीने दिलेल्या घराची किल्ली चार वाजेपर्यंत इमारतीच्या रखवालदाराकडून घ्यायची होती. चार वाजल्यानंतर तो सोमवारी सकाळीच भेटणार होता. घड्याळात साडेदहा झाले होते. भाड्याच्या मोटारींच्या खिडकीपाशी बसलेल्या बाईंनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिले, मग अश्विनीकडे. यांनी अर्जावर प्रवासी दोन असे लिहिले होते.

यांची चूक होती असे मी आजही म्हणणार नाही. यांच्यासारखा बारामतीजवळच्या माळेगावात वाढलेला कोणताही माणूस दोनच लिहिता.

त्या बाईंनी नम्रपणे विचारले, किंडरझित्स कुठे आहे? मुलाच्या आसनाला तिकडे किंडरझित्स म्हणतात हे मला त्या क्षणी कळले. आसन नसेल तर मोटारीची किल्ली देता येणार नाही, आणि आज त्यांच्याकडे एकही आसन शिल्लक नाही. यांनी तुटक्या जर्मनमध्ये विनवण्या केल्या. बाई दर वेळी "लाइडर" म्हणत. खेद आहे, इतकाच त्या शब्दाचा अर्थ. पण एकेका विनवणीमागे तो एकेकदा ऐकू येत राहिला. मी पुढे होऊन स्वतःच्या मांडीवर थोपटून दाखवले. मी धरते, मी धरून बसते. बाईंनी मान हलवली. इतक्या सभ्यपणे मला कुणी कधी नाकारले नव्हते.

हे शेजारच्या, त्याच्या शेजारच्या खिडकीवर गेले. सगळीकडे तेच उत्तर. मी बोज्यावर बसून राहिले. अश्विनीचे दूध संपत आले होते. पलीकडच्या बाकावरून एक तरुण आई आपल्या बाळाला आसनासकट उचलून नेत होती, जणू ते टोपलीतले फूल होते. मला तिचा राग आला. नंतर स्वतःची लाज वाटली. आणि मग एकाएकी भीती वाटली, की या देशात मूल कसे न्यावे हेसुद्धा मला येत नाही, तर मी इथे ते वाढवणार कसे?

बाराच्या सुमारास कुणीतरी मोटार परत केली आणि तिच्यातले आसन आम्हाला मिळाले. माझ्या यजमानांनी कारखान्यात चरकाचे रूळ बसवले होते. त्यांना त्या आसनाचे एक बक्कल वीस मिनिटे लावता येईना. सूचनांच्या कागदावर चित्रे होती. चित्रातले बाळ हसत होते.

अश्विनीला त्यात बसवून पट्टे आवळले, आणि तिने असा काही टाहो फोडला की मी तो आजवर विसरलेले नाही. जन्मल्यापासून तिला कुणी बांधले नव्हते. ती मागच्या आसनावर माझ्या शेजारी होती. हात लांबवला की लागत होती, आणि तरीही ती माझ्याकडे अशी पाहत होती की जणू मी तिला परक्यांच्या हवाली केले आहे. मी गाणे म्हटले, खुळखुळा वाजवला, घोंगडीचा पदर तिच्या गालाला लावला. दीड तास ती थांबली नाही. आवाज बसला, तोंड निळसर झाले. एकदा तिने श्वास धरला तो लवकर सोडला नाही.

"गाडी थांबवा," मी म्हटले.

"हितं थांबता येत न्हाय. आउटोबान हाय हा, मोठा हायवे. पुढं फाट्याला बघू," हे म्हणाले. घाबरले की यांच्या तोंडी गावचीच भाषा येई. "आन् चारच्या आत पोचायचंय."

लेकरू मांडीवरनं खाली ठिवू नगंस. मी बक्कल दाबले. वीस मिनिटे झटूनही न लागलेले ते बक्कल एका दाबात सुटले. मी तिला मांडीवर घेतले, घोंगडीत गुंडाळले, दोन्ही हातांची मिठी घातली. ती तत्काळ शांत झाली. यांनी आरशातून पाहिले आणि गाडी तशीच पुढे नेली. मला वाटले, आबा, बघा, मी पाळले.

पुढे चाललेला ट्रक एकदम थांबला. यांनीही ब्रेक दाबला. आमची मोटार ट्रकला लागलीसुद्धा नाही. एवढेच झाले. परंतु माझ्या हातांतून मूल गेले. मी तिला सोडले नव्हते, हे मला आजही शपथेवर सांगता येईल. मिठी तशीच राहिली, घोंगडीही तशीच मिठीत राहिली, आणि अश्विनी नव्हती. पुढच्या दोन आसनांमध्ये सिगारेटच्या राखेच्या पेटीचे लोखंडी झाकण होते, त्याच्यावर ती आदळली होती.

रुग्णालयात सात टाके घातले. डॉक्टरीणबाईंनी आपले एक बोट आडवे धरून दाखवले: एवढे खाली लागते, तर डोळा गेला असता. मग त्यांनी विचारले, मूल कुठे बसले होते? यांनी माझ्याकडे पाहिले. मी माझ्या मांडीला हात लावला. त्या रागावतील, पोलिसांना बोलावतील, मूल काढून घेतील, असे माझ्या मनात होते. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी ते कागदावर लिहिले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरे झाले असते.

डोक्याला मार म्हणून अश्विनीला सोमवारपर्यंत ठेवून घेतले. घराची किल्ली त्या शुक्रवारी मिळाली नाही याचे काही वाटले नाही. सोमवारपर्यंत आमचे घर ते रुग्णालयच होते.

महिनाभराने मी पत्र लिहिले. अश्विनी खेळताना पायरीवर पडली, थोडे लागले, आता बरी आहे. आबांना वाचता येत नाही. उत्तर त्यांनी दादांकडून लिहवले. पायऱ्यांच्या घरात राहू नका, खालच्या मजल्यावर घर बघा. आम्ही खालच्याच मजल्यावर राहत होतो. पुढच्या प्रत्येक पत्रात पायऱ्यांची चौकशी असे. मी लिहीत गेले: कठडा लावला. जाजम घातले. घर बदलण्याचे पाहतो आहोत. होता होता ती पायरी मला डोळ्यांपुढे दिसू लागली, तिचा कंगोरासुद्धा.

तीन वर्षांनी उन्हाळ्यात आम्ही प्रथम लोणीला आलो. चार वर्षांच्या अश्विनीसाठी मी आसन बरोबर आणले होते. त्या शुक्रवारनंतर तिला एकदाही मी मोकळी नेली नव्हती. इंदापूरला चुलत बहिणीचे लग्न होते, जीप ठरली होती, आणि मी ते आसन घेऊन अंगणात उभी राहिले.

"वन्सं," वहिनी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "भाचीला शिंव्हासन आणलंय व्हय? मग आमची पोरं काय वाऱ्यावर उडून गेली?"

जीपवाला म्हणाला, "ताई, हितं पट्टा न्हाय आन् बिट्टा न्हाय. धरा की मांडीवर."

मी म्हटले, आसन बसणार नसेल तर मी येत नाही, मूलही येणार नाही. लग्नाची वेळ टळत होती. माणसे हसायची थांबली आणि रागावू लागली. दादा म्हणाले, "लईच सायेब झालीस बाई तू." मी जमिनीकडे पाहत उभी राहिले. खरे कारण सांगितले असते, तर सगळे गप्प झाले असते.

आबा उठले. त्यांनी आसन उलटेपालटे करून पाहिले, पट्टे ओढून पाहिले आणि गोठ्यातून केकताडाची, म्हणजे घायपाताची, दोरी आणली. जीपच्या बाकाच्या लोखंडी पायांतून ती फिरवून त्यांनी अशी गाठ मारली की आसन तसूभर हलेना.

"आबा, तुमी कवा बांधलं हुतं कुनाला?" दादांनी विचारले.

"मलाच बांधलं हुतं. माझ्या आईनं, घोड्यावर. एका अंगाला मी, एका अंगाला दोन कोकरं." आबा गाठ आवळत बोलत होते. "इंदापूरच्या खालतं नीरा उतरत हुतो. पानी वाढलं. घोडं बुजलं, आडवं झालं, पन उठलं. मी बांधल्याला, म्हून घोड्यासंगं वर आलो. धाकटी आईच्या उराशी हुती. आईच्या हातात काय दम न्हवता व्हय? एका हातानं मेंढरू उचलायची. पन पान्यानं न्हेलीच की."

आबांना बहीण होती हे आम्हा भावंडांना त्या दिवशी कळले.

मी कशीबशी म्हणाले, "आबा, मग मी निघाले तेव्हा तुम्ही म्हणाला होता, लेकरू मांडीवरनं खाली ठेवू नको."

त्यांनी खरोखरच आठवून पाहिले. "आसं म्हनलो हुतो?" मग हसले. "निघताना मानूस काय बी म्हनतंय गं. तोंडाला येईल ते. त्ये काय मनावर घ्यायचं असतंय?" त्यांनी अश्विनीला उचलून आसनात बसवले, आणि आपला अंगठा तिच्या भुवईवरून फिरवला. "ती पायरी सोडली न्हवं आता?"

"सोडली," मी म्हणाले.

तेव्हा सांगायला हवे होते. जीप निघाली, आणि मी सांगितले नाही. पुढे दर दोन-तीन वर्षांनी गेले, तेव्हाही नाही. लोणीला गेले की आजही सगळे माझेच असते, अंगण, गोठा, माणसे. तरी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकताना मी खाली पाहते. न बांधलेली ती एक पायरी मी तिथेही नेली आहे. घर म्हणावे असे मला आता दोन्ही देशांत मिळून तेवढेच उरले आहे, असे कधी कधी वाटते.

आबा आता नव्वदीला टेकले आहेत. ऐकायला कमी येते, पण बोटांना सगळे कळते. पुढल्या महिन्यात ते पणतवंडाला जवळ घेतील, आणि मग नेहमीप्रमाणे अश्विनीच्या भुवईवरून अंगठा फिरवतील. अश्विनी हसून पायरीची गोष्ट सांगेल, आणि तिच्या पायाशी बाळाचे आसन असेल. त्याआधी तिला फोन करून, सीट इथूनच ने, एवढे तरी मला सांगायचे आहे. का, असे ती विचारीलच.

तुम्ही माझ्या जागी असता, तर खरे आधी कुणाला सांगितले असते, तिला की आबांना?