अबीबचा चंद्र

“चंद्र कुणाच्या मंडळीचा सभासद नसतो,” असं एलिया पाथरे एकदा बोलला होता, आणि विश्वासराव ओहोळांना तो माणूस त्या दिवसापासून खुपत होता.

पाथरे मूळचा अहमदनगरचा. मिशनच्या शाळेत दहा वर्षं मास्तरकी केली, म्हणून कुवेतलाही लोक त्याला मास्तरच म्हणत. तेल कंपनीत तो स्टेन्सिल कापायचा. काळी शाई, ओलसर कागद, सायक्लोस्टाइलचं हँडल. फहाहीलमध्ये भाड्याच्या घरात जमणाऱ्या मराठी ख्रिस्ती मंडळीचं महिन्याचं पत्रकही तोच काढी: प्रार्थना कुणाच्या घरी, उपदेश कोण करणार, सण कोणत्या तारखेला. एकवीस कुटुंबं. बाहेर वाळू आणि पाइप. त्या एकवीस घरांपलीकडे मास्तरला या देशात कुणी नव्हतं. ओहोळ मंडळीचे पंच आणि कंपनीच्या स्टोअरचे हेड. एवढ्या लोकांचा राग-लोभ त्यांच्या मुठीत असे, आणि मूठ ते सैल सोडत नसत.

एकोणसाठ सालच्या मार्चचं पत्रक आठवडा उलटून गेल्यावर आलं. ओहोळांनी उभ्या उभ्या वाचलं. शनिवारच्या रकान्यावर ‘शब्बाथ’, यहुद्यांचा विसाव्याचा वार. ईस्टरचा रविवार, एकोणतीस तारीख, कोरा. आणि चोवीस तारखेच्या मंगळवारपुढे ठसठशीत अक्षरांत: ‘चौदा अबीब. वल्हांडण. सूर्यास्ताला बेखमीर भाकर, पाथरे यांच्या घरी.’

हा कागद रस्त्यात कुणाला सापडला तर? या देशात पोस्टातून येणाऱ्या मासिकांतल्या नकाशांवरचं इस्राएलसुद्धा काळ्या शाईने फासलेलं असतं. यहुद्यांचा महिना, यहुद्यांचा सण, वर कंपनीचा कागद. एकवीस कुटुंबांना परतीच्या बोटीत घालायला तेवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी हमीद ड्रायव्हरने आगीत तेल ओतलं, तेही हसत हसत. हमीद रत्नागिरीकडचा, रोजे चालू होते, ओठ सुकलेले.

“ओहोळसाहेब, तुमचं मास्तर येडं झालंय काय? मला म्हणतं, जहराला ने. नेला. तर हा शेतात उतरून सातूची कणसं चोळत बसला. दाणा भरला, दाणा भरला, म्हणून नाचला!”

“कणसं कशाला?”

“मला काय ठावं? मग सांजेला आमच्यासंगं रमझानचा चांद बघायला उभा. पहिल्यांदा त्यालाच दिसला. आमी म्हटलं, आता हा रोजे धरणार!”

ओहोळ हसले नाहीत. त्यांना सगळं कळलं. यहुद्यांचं पंचांग इथे मागवायची सोय नाही, म्हणून या माणसाने मोशेच्या नियमशास्त्रातला महिना स्वतः शोधून काढला होता. सातू कणसात आला की तो महिना अबीब. चंद्रकोर दिसली की त्याचा पहिला दिवस. तिथून चौदा मोजायचे. मुसलमानांच्या चंद्रकोरीवरून त्याने मंडळीचा सण ठरवला होता.

शुक्रवारी मंडळी भरली. मास्तरची बायको सारूबाई नेहमीप्रमाणे हार्मोनियमपाशी होती. ओहोळांनी पत्रक दोन बोटांत धरून वर केलं, जसं मेलेलं पाखरू धरतात.

“चंद्र मुसलमानाचा, सण यहुद्याचा, कागद कंपनीचा. यात तुमचं काय आहे, मास्तर?”

“सातू जहराचा,” मास्तर म्हणाला. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं आणि ओहोळांनी तिकडे पाहताच गप्प झालं.

“पाळक नसताना प्रभुभोजनाची भाकर मोडणार तुम्ही?”

“पहिले लोक घरोघर मोडत, साहेब. प्रेषितांचे शिष्य अबीबच्या चौदाव्यालाच ईस्टरचा सण धरत होते, वार कोणताही असो. आशियातल्या मंडळ्यांनी शेदीडशे वर्षं तसाच धरला. रोमला रविवार हवा होता. तिथल्या बिशपाने तर या लोकांना मंडळीबाहेर टाकायला काढलं, नुसत्या तारखेवरून. पुढे राजाच ख्रिस्ती झाला. त्याने सभा भरवली आणि ठरलं, यहुद्यांच्या मागे जायचं नाही. ज्यांच्या घरातला सण, त्यांचीच लाज वाटली.”

“आम्हाला इतिहास नको.”

“मग काय हवं?”

ओहोळांनी लिहून आणलेला कागद टेबलावर सरकवला. पत्रक चुकीचं होतं, मी ते मागे घेतो, मंगळवारी माझ्या घरी काही होणार नाही. खाली सहीची जागा. “सही केली तर तुम्ही आमचे. नाही तर रजिस्टरातलं नाव आज कापतो. उद्या आजारी पडलात, मेलात, तरी या घरातून कुणी येणार नाही. पोरांच्या लग्नाला मंडळीची चिठ्ठीही मिळणार नाही. बायकोकडे बघा जरा.”

मास्तरने बायकोकडे बघितलं. सारूबाई हार्मोनियमच्या पट्ट्यांकडे बघत होती. मग त्याने पेन उचललं. ओहोळांना वाटलं, वाकला.

पेन हातातच ठेवून मास्तर शांतपणे म्हणाला, “करतो सही. आधी एवढंच सांगा, साहेब. रविवार जर देवाचा, तर आज शुक्रवारी आपण इथे काय करतोय?”

ओहोळांनी टेबलावरचा कागद उगाच सरळ केला.

ओहोळांना कंपनीच्या साहेबाची केबिन आठवली. चार वर्षांपूर्वी रविवारच्या सुट्टीचा अर्ज घेऊन ते गेले होते. साहेबाने नुसतं वर पाहिलं. ‘शुक्रवारची सुट्टी आहे ना तुम्हाला?’ आणि ओहोळ ‘येस सर’ म्हणाले होते. दोन मिनिटंही लागली नव्हती. मंडळीला मात्र त्यांनी सांगितलं होतं की आपण तासभर भांडलो. तो अर्ज टाइप केला होता पाथरेने. दाराबाहेर, स्टुलावर बसून, उत्तराची वाट बघणारा पाथरेच होता. त्या दोन मिनिटांबद्दल तो आजवर कुठेही बोलला नव्हता. आताही बोलणार नव्हता. हे ओहोळांना त्याच्या तोंडाकडे बघून समजलं, आणि त्यामुळेच त्याचा गळा धरावा असं वाटलं.

“सांगा ना, ओहोळसाहेब,” मागून एक बाईमाणूस हलकेच म्हणालं.

“सारूबाई,” ओहोळ ओरडले, “गीत घ्या!”

सारूबाईने मान वर केली. एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा टेबलावरच्या कागदाकडे. मग तिचा डावा हात भात्यावर गेला. पहिला सूर फाटका निघाला, दुसरा भरला. एकेक बाक उभं राहिलं. गाणं वाढत गेलं, छपराला लागलं.

मास्तरने पेनाला टोपण लावलं, ते सहीच्या कोऱ्या जागेवर आडवं ठेवलं, दाराशी वाकून चपला हातात घेतल्या आणि बाहेर पडला.